फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर छातीत इन्फेक्शन: अँटिबायोटिकच्या आधी काय आणि नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील ५८ वर्षांचे. पल्मनरी फायब्रोसिसमुळे (फुफ्फुसं व्रण होऊन कडक होत जाण्याचा आजार) आठ महिन्यांपूर्वी चेन्नईत दोन्ही फुफ्फुसं बदलली. आठवडाभर खोकला आहे, कफ पिवळसर, ताप नाही. घरच्या स्पायरोमीटरवर एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) नेहमी २.१ लिटर यायचा, आता १.८ येतो. सांगलीच्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. कफाच्या कल्चरमध्ये स्यूडोमोनास हा जंतू आला आहे. चेन्नईची टीम म्हणते, गोळी घेऊ नका, ब्रॉन्कोस्कोपीला या. एवढ्याशा इन्फेक्शनला ब्रॉन्कोस्कोपी कशाला, उपचार नेमके काय करतात आणि किती दिवस?

क्लॅरिथ्रोमायसिन देऊ नका. एक-दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर घाबरायचं कारण नाही, पण कधी आणि किती मिलिग्रॅमची दिली ते आजच टीमला कळवा आणि टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) रक्तातली लेव्हल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), पोटॅशियम कधी करायचं ते विचारून घ्या. यकृतातलं आणि आतड्यातलं जे एन्झाइम टॅक्रोलिमसचा निचरा करतं, तेच एन्झाइम क्लॅरिथ्रोमायसिन अडवून धरतं. टॅक्रोलिमस साठत जातं, हात थरथरायला लागतात, डोकं दुखतं, क्रिएटिनिन चढतं. दोन-तीन दिवसांत लेव्हल दुपटीच्या वर गेलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. बरं, एवढं सोसून त्या गोळीचा स्यूडोमोनासवर थेट परिणाम काहीच नाही. तुमच्या डॉक्टरांना यात दोष देऊ नका. एरवीच्या छातीला ते उत्तम औषध आहे. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला त्या गटातलं काही द्यायचंच झालं तर अझिथ्रोमायसिन देतात, ते या एन्झाइमच्या फारसं वाटेला जात नाही.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही, तुमचे डॉक्टर आणि कल्चरचा रिपोर्ट, तिघंही हे इन्फेक्शनच आहे असं धरून चालला आहात. असेलही, पण अजून ते ठरलेलं नाही. एफईव्ही-१ मध्ये १० टक्क्यांची घट सलग दोन-तीन दिवस दिसली की आम्ही सावध होतो. तुमच्या वडिलांची घट १४ टक्क्यांची आहे. आठव्या महिन्यात एवढी घट इन्फेक्शनने होते, अक्यूट रिजेक्शननेही, म्हणजे शरीराने नवं फुफ्फुस परकं समजून त्यावर हल्ला केल्यानेही होते. श्वासनलिका जिथे जोडली तो सांधा आक्रसल्यानेही होते. फ्लू किंवा आरएसव्हीसारख्या विषाणूने होते, आणि रात्री जठरातलं आम्ल वर येऊन फुफ्फुसात झिरपल्यानेही होते. यातल्या पहिल्या दोन कारणांचे उपचार एकमेकांच्या थेट उलट आहेत. रिजेक्शनला मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून, रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम, तीन दिवस. म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. इन्फेक्शन जोरात असताना हे दिलं तर जंतूंना रान मोकळं. उलट रिजेक्शनला इन्फेक्शन समजून दोन आठवडे नुसती अँटिबायोटिक दिली, तर तेवढ्या काळात फुफ्फुसाचा जो भाग व्रण होऊन कडक झाला तो परत मिळत नाही. एक्स-रेवर दोन्ही सारखेच दिसू शकतात. सीटीने अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. कधी कधी दोन्ही एकाच वेळी असतात, आणि मग डोकं खरं तापतं.

म्हणून ब्रॉन्कोस्कोपी. तिच्यात काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण घरचे लोक नावालाच घाबरतात. झोपेचं हलकं औषध आणि घशात बधिरपणाचा फवारा देऊन बारीक दुर्बीण नाकातून किंवा तोंडातून खाली सोडतात. पहिली नजर जाते ती सांध्यांवर. दोन फुफ्फुसं म्हणजे डावा-उजवा असे दोन सांधे. निरोगी सांधा गुलाबी असतो, टाक्यांची रेघ बारीक दिसते. बिघडलेला सांधा पांढुरका, त्यावर चिकट पापुद्रा, कधी टाक्याचा दोरा आत लोंबताना दिसतो. पलीकडून पू झिरपतोय का, एकाच फांदीतून की सगळीकडून, तेही कळतं. मग सीटीत जो भाग खराब दिसला त्या फांदीत दुर्बीण टेकवून शंभर-दीडशे मिली सलाईन सोडतात आणि ओढून घेतात. हे पाणी थेट जंतूंच्या घरातलं असतं, तोंडातल्या लाळेची भेसळ त्यात फार कमी. तेच प्रयोगशाळेत जातं: ग्रॅम स्टेन, कल्चर, बुरशी, टीबीसाठी जीनएक्सपर्ट, नोकार्डिया, विषाणूंचा पीसीआर. शेवटी चिमट्याने फुफ्फुसाचे बारीक तुकडे घेतात. वायुकोश असलेले निदान पाच तुकडे पॅथॉलॉजिस्टला लागतात, म्हणून आम्ही आठ-दहा घेतो. थोडं रक्त येतं. क्वचित फुफ्फुसाबाहेर हवा जमते, म्हणून नंतर एक्स-रे काढतात. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास.

मग कफात आलेल्या स्यूडोमोनासचं काय? तो खोटा नाही, पण त्याच्यावरून निकाल देता येत नाही. स्यूडोमोनास बदललेल्या फुफ्फुसात बिऱ्हाड करून राहतो. सायनसमध्ये दडतो, तिथून खाली उतरतो. महिनोन्‌महिने कल्चरमध्ये येतो आणि रुग्ण ठणठणीत असतो. याला आम्ही कॉलनायझेशन म्हणतो. कफाचा नमुना कसा होता तेही रिपोर्टमध्ये वाचा. सूक्ष्मदर्शकाच्या कमी शक्तीच्या भिंगाखाली एका क्षेत्रात पू-पेशी २५ च्या वर आणि तोंडाच्या अस्तराच्या पेशी १० च्या आत असतील तर तो छातीतला कफ. उलट असेल तर तुम्ही लाळ तपासायला दिली होती. ब्रॉन्कोस्कोपीच्या पाण्यात एका मिलिलिटरला दहा हजारांच्या वर जंतू, सोबत पू-पेशी, सीटीवर नवा डाग आणि लक्षणं, एवढं जुळलं की मग मी न्यूमोनिया म्हणतो. अर्थात कॉलनायझेशन म्हणजे दुर्लक्ष करायची परवानगी नव्हे. ज्यांच्या फुफ्फुसात स्यूडोमोनास ठाण मांडून बसतो त्यांना पुढे क्रॉनिक रिजेक्शन, म्हणजे बारीक श्वासनलिका कायमच्या बुजत जाण्याचा आजार, जास्त होतो असं अनेक केंद्रांच्या अनुभवात दिसलेलं आहे. त्याचा बंदोबस्त वेगळा, पुढे सांगतो.

मूत्रपिंड किंवा यकृत बदललं तर ते पोटात बंदिस्त असतं. फुफ्फुसाचं दुकान मात्र चोवीस तास रस्त्यावर उघडं. त्यात जोडताना मज्जातंतू कापलेले असतात, त्यामुळे सांध्याच्या खाली काही अडकलं तरी खोकल्याची उबळ नीट येत नाही. श्लेष्मा वर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात. लसीकावाहिन्या तुटलेल्या असतात. श्वासनलिकेला रक्त पुरवणारी ब्रॉन्कियल धमनी बहुतेक ठिकाणी जोडलीच जात नाही, त्यामुळे सांध्याला सुरुवातीचे काही आठवडे रक्त उसनवारीवर मिळतं. १९६३ साली मिसिसिपीत जेम्स हार्डी यांनी माणसात पहिलं फुफ्फुस बसवलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर १९८३ मध्ये टोरांटोला जोएल कूपर यांच्या चमूला खरं यश येईपर्यंतची वीस वर्षं मुख्यतः याच दोन गोष्टींनी खाल्ली: सांधा उकलणं आणि जंतुसंसर्ग. वर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, ही प्रतिकारशक्ती दाबणारी तिकडी. स्टिरॉइडमुळे बऱ्याचदा ताप येत नाही, पांढऱ्या पेशींचा आकडा आधीच वाढलेला असतो. म्हणून तुमच्या प्रश्नातल्या "ताप नाही" या दोन शब्दांनी मला अजिबात हायसं वाटलं नाही.

प्रत्यारोपणाला किती काळ झाला, यावरून जंतूंचा अंदाज बदलतो. पहिल्या महिन्यात आयसीयूतले आणि दात्याच्या फुफ्फुसातून आलेले: स्यूडोमोनास, क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, स्टॅफिलोकोकस. त्यासाठी दात्याच्या श्वासनलिकेतलं पाणी फुफ्फुस काढतेवेळीच कल्चरला जातं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळची अँटिबायोटिक त्या रिपोर्टनुसार दोन-तीन दिवसांत थांबवतात किंवा आठवडा-दोन आठवडे पुढे नेतात. सहा महिन्यांनंतर, सगळं सुरळीत असेल तर, न्यूमोकोकस वगैरे गावात फिरणारे नेहमीचे जंतू वाढतात. स्यूडोमोनास मात्र कुठल्याही महिन्यात येतो.

उपचार सुरू करताना आमचा क्रम ठरलेला: नमुने आधी, आणि नमुने घेतल्यावर औषध लगेच. रुग्ण स्थिर असेल तर ब्रॉन्कोस्कोपीसाठी एक दिवस थांबता येतं, कारण एकदा अँटिबायोटिक गेलं की कल्चर बऱ्याचदा कोरं येतं आणि मग पुढचे पंधरा दिवस आंधळी कोशिंबीर. ऑक्सिजन घसरत असेल किंवा रक्तदाब पडत असेल तर रक्ताचं कल्चर आणि कफ घेऊन तासाभरात पहिला डोस गेलाच पाहिजे, ब्रॉन्कोस्कोपी मागाहून.

पहिलं औषध कोणतं, हे रुग्णाच्या जुन्या फाइलवरून ठरतं. मागच्या वर्षभरात कुठला जंतू आला, तो कशाला दबला, हे ज्याच्याकडे लिहिलेलं आहे त्याचं अर्धं काम झालं. साधारणपणे स्यूडोमोनासवर चालणारं एक औषध हवंच: पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपाइम, सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम. पूर्वी एमआरएसए (नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस) आला असेल किंवा रुग्ण गंभीर असेल तर सोबत टायकोप्लानिन, व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड. मेरोपेनेमचा प्रत्येक डोस आम्ही तीन तास सावकाश चालवतो. या गटातल्या औषधांची ताकद रक्तात किती वेळ पुरेशी पातळी राहते यावर असते, एकदम किती उंच जाते यावर नाही. रिपोर्ट आला की रुंद (अनेक जंतूंवर चालणारं) औषध काढून अरुंद (नेमक्या जंतूवरचं) औषध लावायचं. हे करायला आपल्याकडे फार जीवावर येतं. "बरं वाटतंय ना, मग कशाला बदलायचं?" असं नातेवाईकही म्हणतात आणि कधी डॉक्टरही. पण बदलायचं, कारण हे रुग्णाचं शेवटचं इन्फेक्शन नसतं. पुढच्या वेळी कामाला येईल असं काहीतरी शिल्लक ठेवावं लागतं.

काही औषधं कागदावर जंतूला लागू दिसतात आणि फुफ्फुसात निकामी ठरतात. डॅप्टोमायसिन हे त्याचं ठळक उदाहरण. एमआरएसएवर नामी औषध, पण वायुकोशांच्या आत जो सरफॅक्टंटचा थर असतो तो त्याला बांधून ठेवतो, त्यामुळे न्यूमोनियात ते वापरायचं नाही. एर्टापेनेम मेरोपेनेमचं भावंड असलं तरी स्यूडोमोनासला लागू पडत नाही. स्टेनोट्रोफोमोनास नावाचा जंतू मेरोपेनेमला जन्मतःच दाद देत नाही. तिथे कोट्रायमॉक्साझोल, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा मिनोसायक्लिन.

आता मूत्रपिंड. टॅक्रोलिमस रोजच्या रोज मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळत असतं. त्यावर अमिकासिन, कोलिस्टिन, व्हँकोमायसिन यांतलं एखादं घातलं की क्रिएटिनिन आठवड्यात दुप्पट होऊ शकतं, दोन एकदम घातली तर डायलिसिसपर्यंत जातं. म्हणून उपचार चालू असताना क्रिएटिनिन एक दिवसाआड, पहिल्या काही दिवसांत तर रोज. टॅक्रोलिमसची लेव्हल आठवड्यातून दोनदा तरी. अँटिबायोटिकने जुलाब लागले तर ही लेव्हल खाली जाईल असं वाटतं, प्रत्यक्षात ती चढते, कारण आतड्याचं अस्तर खरचटलं की तिथलं एन्झाइम कमी पडतं आणि जास्त औषध रक्तात शिरतं. जुलाब झाले की फोन करा, असं आम्ही उगाच सांगत नाही. लिनेझोलिड दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर मायकोफेनोलेटच्या जोडीने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी खाली आणतं. कोट्रायमॉक्साझोल मोठ्या डोसात पोटॅशियम चढवतं, टॅक्रोलिमसही चढवतं. लेव्होफ्लॉक्सासिन आणि स्टिरॉइड एकत्र असले की टाचेमागची शीर दुखते, प्रसंगी तुटते. वडिलांना ते चालू झालं आणि टाच दुखली तर लगेच सांगायचं. त्याच लेव्होफ्लॉक्सासिनबद्दल आणखी एक. आपल्या ओपीडीत ते खोकल्याला सर्रास दिलं जातं, आणि ते टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. टीबी त्याने बरा होत नाही, फक्त दबतो आणि निदान महिना-दोन महिने लांबतं. बदललेल्या फुफ्फुसात तो महिना परवडत नाही.

कल्चरमध्ये रेझिस्टंट, म्हणजे औषधांना दाद न देणारा जंतू आला की रिपोर्टवरचं "आर, आर, आर" बघून घरच्यांचं अवसान गळतं. भारतात आयसीयूतल्या क्लेब्सिएलामध्ये एनडीएम आणि ऑक्सा-४८ ही अँटिबायोटिक फोडणारी दोन एन्झाइमं भरपूर आढळतात. सेफ्टाझिडाइम-अव्हिबॅक्टम हे नवं औषध ऑक्सा-४८ वर चालतं, एनडीएमपुढे एकटं हरतं. मग त्याच्या जोडीला अझ्ट्रिओनाम देतात. एनडीएम अझ्ट्रिओनामला फोडू शकत नाही. जी बाकीची एन्झाइमं फोडू शकतात, त्यांना अव्हिबॅक्टम आवरतं. दोन्ही एकाच वेळी शिरेत जायला हवीत, सकाळी एक आणि दुपारी दुसरं असं केलं तर जोडीचा अर्थ उरत नाही. हा खर्च मोठा आहे, तो आधीच विचारून ठेवा. असिनेटोबॅक्टरसाठी अजूनही पॉलिमिक्सिन (कोलिस्टिन याच गटातलं), मोठ्या डोसात सलबॅक्टम, मिनोसायक्लिन अशी जुळवाजुळव करावी लागते. कोलिस्टिन शिरेतून फुफ्फुसात कमीच पोचतं, म्हणून सोबत नेब्युलायझरनेही देतात. आधी साल्ब्युटामॉलची वाफ द्यायची, नाहीतर छाती आवळते.

स्यूडोमोनास ठाण मांडून बसलेला असेल तर नेब्युलायझरने टोब्रामायसिन, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद, किंवा कोलिस्टिन. या मार्गाने औषध रक्तात थोडंच जातं, मूत्रपिंड बरंचसं वाचतं. नेब्युलायझरचा कप रोज उकळून वाळवला नाही तर त्यातच स्यूडोमोनास वाढतो. घरी गेल्यावर मी आधी तो कप बघायला मागवतो. तळाशी पांढरा थर असेल तर पुढचं बोलणं औषधाबद्दल न होता धुण्याबद्दल होतं.

नेहमीच्या कल्चरमध्ये न येणारे काही जंतू आहेत आणि ते विसरले की रुग्ण हातचा जातो. पहिल्या महिन्यात रुग्ण अचानक गुंगीत गेला, बडबडू लागला, यकृताच्या चाचण्या ठीक असून रक्तातला अमोनिया चढत गेला, तर युरियाप्लाझ्मा किंवा मायकोप्लाझ्मा होमिनिस. बहुधा दात्याच्या फुफ्फुसाबरोबर येतात. या जंतूंना पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे मेरोपेनेमसारखी भिंत पाडणारी औषधं हवेत वार केल्यासारखी जातात. पीसीआर पाठवून निकालाची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन, लेव्होफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांतून जोडी सुरू करावी लागते. लीजनेलासाठी लघवीची चाचणी सोपी आहे, पण ती एकाच उपप्रकाराला पकडते. ती निगेटिव्ह आली म्हणून लीजनेला नाही असं म्हणता येत नाही. नोकार्डिया मातीतून येतो, कल्चरमध्ये उगवायला एक-दोन आठवडे घेतो, प्लेट तिसऱ्या दिवशी फेकली तर हुकतो. तो सापडला तर डोकं दुखत नसलं तरी मेंदूचा एमआरआय करायचा, कारण तिथे तो गुपचूप बसतो. उपचार सहा ते बारा महिने.

तुमच्या भागासाठी एक नाव मुद्दाम सांगतो: मेलिऑइडोसिस. कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी इथे पावसाळ्यात चिखलपाण्यातून होतो. जंतूचं नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय. स्यूडोमोनासचा लांबचा नातलग, त्यामुळे प्रयोगशाळेतून तो "स्यूडोमोनास प्रजाती" म्हणून सुटतो. ओळखायच्या खुणा आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकं रंगलेली आणि मधे फिकट, सेफ्टी पिनसारखा. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन दोन्हींना दाद देत नाही, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलानेटला मात्र दबतो. खरा स्यूडोमोनास एरुजिनोसा याच्या बरोबर उलटा वागतो. वडील पावसाळ्यात सासुरवाडीला कोकणात गेले होते, शेतात उतरले होते, असं काही असेल तर टीमला सांगा आणि रिपोर्टवर स्यूडोमोनासच्या पुढे "एरुजिनोसा" लिहिलंय का ते बघा. मेलिऑइडोसिस निघाला तर सेफ्टाझिडाइम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे शिरेतून, मग कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या निदान तीन महिने. टीबीही जिवाणूच, पण तो स्वतंत्र विषय आहे. इथे एवढंच की रिफॅम्पिसिन टॅक्रोलिमसची लेव्हल जवळजवळ पुसून टाकतं, त्यामुळे टीबीची नेहमीची गोळी प्रत्यारोपणाच्या टीमला न विचारता कुणीही सुरू करू नये. बहुतेकदा रिफाब्युटिन वापरून मार्ग काढतात.

किती दिवस? साधा न्यूमोनिया, चांगला प्रतिसाद, तर सात ते दहा. स्यूडोमोनास किंवा रेझिस्टंट जंतू असेल तर मी चौदा धरतो. पू साठला असेल, गळू झालं असेल तर आठवडेच्या आठवडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुधारणा नसेल तर औषध बदलण्याआधी कारण शोधायचं. एकाच भागात पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय म्हणजे बहुधा सांधा अरुंद झालाय; फुगा घालून किंवा स्टेंट टाकून तो उघडल्याशिवाय कितीही महागडं अँटिबायोटिक दिलं तरी महिन्याभरात तेच. रात्री आम्ल वर येत असेल तर त्याचा तपास, आणि गरज पडली तर जठराची शस्त्रक्रिया. रक्तातलं आयजीजी (जंतूंशी लढणारं प्रथिन) डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचा विचार. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय चौथ्यांदा अँटिबायोटिक लिहिणं मला पटत नाही.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं इन्फेक्शनमध्ये बंद करायची का, हे सगळेच विचारतात. गंभीर इन्फेक्शनमध्ये मायकोफेनोलेट काही दिवस थांबवतात, टॅक्रोलिमस थोडं खालच्या पातळीवर ठेवतात. प्रेडनिसोलोन कधीही एकदम तोडायचं नाही. महिनोन्‌महिने ते घेतलेल्या माणसाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपलेल्या असतात. रक्तदाब पडत असेल तर उलट हायड्रोकॉर्टिसोन ५० मिलिग्रॅम दर सहा तासांनी द्यावं लागतं. यातलं काहीही घरच्या घरी करायचं नाही. इन्फेक्शन आटोक्यात आलं की थांबवलेली औषधं पूर्ववत करतात, आणि चार-सहा आठवड्यांनी एफईव्ही-१ पुन्हा बघतात. तो २.१ च्या आसपास आला तर ठीक. तीन महिने उलटूनही मूळच्या पातळीपेक्षा २० टक्के किंवा त्याहून जास्त खाली राहिला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर क्रॉनिक रिजेक्शनच्या दिशेने तपास. तिथे अझिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम आठवड्यातून तीनदा दीर्घकाळ देतात. जंतू मारण्यापेक्षा श्वासनलिकांचा दाह उतरवण्यासाठी. आधी ईसीजी आणि टीबी-सदृश जंतूंची तपासणी करूनच.

पुढचा भाग सांगलीच्या डॉक्टरांना दाखवा. रक्ताची दोन कल्चर, कफ ग्रॅम स्टेन, कल्चर आणि जीनएक्सपर्टसाठी, नाकातला स्वॅब फ्लू-कोविड-आरएसव्हीच्या पीसीआरसाठी, हिमोग्रॅम, क्रिएटिनिन, पोटॅशियम, टॅक्रोलिमसची लेव्हल आणि छातीचा एचआरसीटी, एवढं तिथेच होईल. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन, फ्लुकोनाझोल-इट्राकोनाझोल आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टीमला विचारल्याशिवाय नकोत. बसल्या जागी ऑक्सिजन ९२ च्या खाली आला, श्वासाची गती वाढली, गुंगी आली किंवा लघवी कमी झाली तर चेन्नईची गाडी पकडू नका. सांगली-मिरजेत किंवा पुण्यात दाखल करून, नमुने घेऊन, जुन्या कल्चरप्रमाणे पहिला डोस तिथेच द्यावा आणि चेन्नईशी फोनवर बोलून पुढचं ठरवावं.

वडील स्थिर असतील तर दोन दिवसांत निघा. सोबत जुनी सगळी कल्चरं, सीटीची सीडी, स्पायरोमीटरची वही आणि गेल्या पंधरा दिवसांत पोटात गेलेल्या प्रत्येक गोळीची यादी, आयुर्वेदिक काढ्यासकट. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा, तुकडे घ्यायचे असतील तर ती काही दिवस आधी थांबवावी लागते. कधी थांबवायची ते टीम ठरवेल. ब्रॉन्कोस्कोपीच्या आधी सहा तास खाणं बंद. त्या सकाळची टॅक्रोलिमसची गोळी खिशात ठेवा, लेव्हलसाठी रक्त दिल्यानंतरच घ्यायची, नाहीतर आकडा चुकीचा येतो आणि त्यावरून डोसही चुकतो.